भीमेची चंद्रभागा नेमकी कुठे होते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता, आजचा भाग त्यावरूनच सुचला. तो आजीला गाडीने पंढरपूरला घेऊन चालला होता. पूल आला तशी आजी हात जोडून म्हणाली, "चंद्रभागा आली रे." याने मोबाईलच्या नकाशात बघितलं, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, भीमा. त्याने आजीला तसं सांगितलं. आजी म्हणाली, "तुझ्या मोबाईलला काय कळतंय." आणि मग त्याचा प्रश्न असा की दादा, यात बरोबर कोण?

सोपं उत्तर म्हणजे दोघंही. नदी एकच आहे. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते, ८६१ किलोमीटर वाहते आणि कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. तिचं नाव भीमा. पंढरपुरात ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

मी थांबलो नाही, कारण मला ते चंद्रकोरीचं प्रकरण पुरेसं वाटत नाही. उपग्रहाचा नकाशा उघडा आणि भीमेच्या बरोबर खाली खाली सरकत जा. ही नदी वळणांचीच आहे. दौंडच्या आसपास वळते, सिद्धटेकला वळते, नरसिंगपूरच्या पुढे वळते. मग चंद्र एकट्या पंढरपूरच्याच वाट्याला का आला?

पण आधी मूळ नावाकडे जाऊ. कारण "भीमा" हेसुद्धा या नदीचं मूळ नाव नाही, ते छोटं केलेलं नाव आहे.

पुराणांमध्ये सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांची यादी येते. त्यात गोदावरी आहे, कृष्णवेणी आहे, आणि त्यांच्या सोबत आहे भीमरथी. हे तिचं पूर्ण नाव. दगडावर कोरलेला पुरावा हवा असेल तर कर्नाटकातल्या ऐहोळेला जा. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, ज्याने हर्षवर्धनाला नर्मदेवर रोखलं, त्याची प्रशस्ती रविकीर्ती नावाच्या कवीने तिथे कोरून घेतलीय. साल ६३४. त्यात एक प्रसंग आहे. पुलकेशी नुकताच गादीवर आलाय, राज्यात गोंधळ आहे, आणि आप्पायिक व गोविंद असे दोघे हत्तींचं सैन्य घेऊन चालून येतात. कुठे? तर भैमरथीच्या उत्तरेकडचा मुलूख जिंकायला. त्यातल्या एकाला भीतीची चव कळली आणि दुसरा पुलकेशीला येऊन मिळाला, असं रविकीर्ती मोठ्या चवीने सांगतो. आपल्या कामाचा मुद्दा हा की चौदाशे वर्षांपूर्वी ही नदी सरहद्द म्हणून ओळखली जात होती, आणि तिचं नाव भैमरथी होतं.

भीमरथी की भैमरथी? इथे संस्कृत व्याकरणाची एक सुंदर गोष्ट आहे. भगीरथाची ती भागीरथी. जह्नूची ती जाह्नवी. त्याच नियमाने भीमरथाची ती भैमरथी. म्हणजे नावाचा साचा सरळ सरळ गंगेच्या नावाचा आहे. भीमरथ नावाचा एक राजा पुराणांतल्या यादवांच्या वंशावळीत आहेसुद्धा, पण त्याने तप करून नदी आणली वगैरे गोष्ट आपल्याकडे रुजली नाही. आपल्याकडे रुजली ती शंकराची गोष्ट. त्रिपुरासुराला मारून दमलेला शंकर सह्याद्रीवर बसला, त्याच्या घामाच्या धारा वाहिल्या, तीच भीमा. दुसरी गोष्ट कुंभकर्णाच्या मुलाची, भीम नावाच्या राक्षसाची. आणि हो, पांडवांमधल्या भीमाचा यात काहीही संबंध नाही. दर वर्षी कोणीतरी ते फॉरवर्ड पाठवतंच, म्हणून सांगून ठेवलं.

(जाता जाता: घरात कोणाची सत्तरी झाली असेल तर "भैमरथी शांत" हा शब्द तुम्ही ऐकला असेल. साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी. उग्र म्हणजे भीषण, भीम म्हणजेही भीषण. तिथे तो वयाच्या अवघड टप्प्याचा रथ आहे. नदीचा उल्लेख त्यात नाही, पण शब्द तोच. गुरुजींना विचारा, खूश होतील.)

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. संतांच्या अभंगांमध्ये या नदीचं तिसरं नाव येतं, भिवरा. लहानपणी मला वाटायचं की चालीत बसावं म्हणून केलेला हा लाडाचा शब्द आहे. तसं नाहीये. हा अगदी नियमात बसणारा मराठी शब्द आहे.

संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांच्या मधे सापडलेला "म" पुष्कळदा "व" होतो. ग्रामचं गाव झालं. नामचं नाव. आमलकचा आवळा. पंचमचा पाचवा. भ्रमरचा भोवरा. आणि श्यामलचा सावळा, म्हणजे खुद्द विठोबाचं वर्णनही याच नियमातून आलेलं. जणू कोणीतरी अख्ख्या भाषेवर एकदाच फाइंड अँड रिप्लेस चालवलं. त्याच नियमाने भीमचा "भीव" होतो. पुढे उरला "रथी". यातला "थ" प्राकृतात "ह" होतो. गाथाचं गाहा होतं, म्हणून तर हाल सातवाहनाच्या संग्रहाचं नाव गाहा सत्तसई. रथीचं रही, आणि मग तो हलका "ह" बोलण्यात विरघळून जातो. भीमरथी, भिवरही, भिवरा. मला हा रस्ता अगदी सरळ दिसतो.

आणि या नियमाचं सगळ्यात हृदयस्पर्शी उदाहरण नदीचं नाहीच. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव घातलं गेलं. रजिस्टरवर नाव आहे भिवा. पुढे जग त्याला भीमराव म्हणून ओळखायला लागलं. त्या रजिस्टरमुळे महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भीम आणि भिवा, भीमा आणि भिवरा. पहिलं नाव पोथीतलं, दुसरं घरातलं.

म्हणजे आत्तापर्यंत हिशोब असा. भीमरथी हे कागदावरचं नाव, भिवरा हे तोंडातलं, आणि भीमा हे दोघांच्या मधलं. तीनही एकाच मुळाचे फुटवे आहेत. चंद्रभागा मात्र या घराण्यातली नाही. ती बाहेरून आली. कुठून आली ते बघायला महाराष्ट्राच्या बरंच बाहेर जावं लागेल. थेट हिमाचलात.

पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची एक ठरलेली यात्रा असते, मनाली ते लेह, बुलेटवरून. त्या रस्त्यावर लाहौलमध्ये तांडी नावाचं गाव आहे. तिथला पेट्रोल पंप फार प्रसिद्ध, कारण तिथल्या पाटीवर लिहिलेलं असायचं की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सगळे त्या पाटीसोबत फोटो काढतात. जवळच जे दिसतं त्याच्याकडे फार कोणी बघत नाही. तिथे दोन नद्या मिळतात. एकीचं नाव चंद्रा, दुसरीचं भागा. दोघी बारालाचा खिंडीच्या दोन बाजूंनी निघतात, डोंगराला वळसा घालून येतात आणि तांडीला भेटतात. भेटल्यावर नाव होतं चंद्रभागा. पुढे जम्मूत आणि पंजाबात गेल्यावर हीच चिनाब. चिनाबची फोड साधारण अशी सांगतात की "चन" हा चंद्राचा, आणि "आब" म्हणजे फारसीत पाणी. पंजाब या नावात पाच आब आहेत, त्यातला हा एक.

या नदीलाही नावांची ददात नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नदीसूक्त आहे, त्यात तिचं नाव असिक्नी, म्हणजे काळसर. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडर तिथे पोहोचला तेव्हा ग्रीकांनी ते नाव ॲकेसिनीस असं ऐकलं. क आणि स यांची अदलाबदल झाली, बाकी नाव तेच. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमी हा भूगोलकार तीच नदी संदबाल अशा नावाने लिहितो, तेव्हा कानावर चंद्रभागा पडलीय हे उघड आहे. ग्रीकांनी यावर एक मसालेदार गोष्टही रचली. चंद्रभागा हा शब्द त्यांच्या कानाला "संद्रोफागोस" असा, म्हणजे अलेक्झांडरला खाणारी असा ऐकू यायचा, म्हणून बादशहाने अपशकुनी नाव बदलून ॲकेसिनीस ठेवलं, कारण ग्रीकमध्ये त्या शब्दाला बरं करण्याचा, औषधाचा वास आहे. गोष्ट मस्त आहे. पण असिक्नी हे नाव अलेक्झांडरच्या कित्येक शतकं आधीपासून तिथेच होतं, त्यामुळे बादशहाला काही बदलायची गरजच नव्हती.

तर उत्तरेतली चंद्रभागा ही अशी जुनी, मोठ्या लौकिकाची नदी. आणि तिला एक आख्यान जोडलेलं आहे. कृष्णाचा मुलगा सांब याला कुष्ठरोग झाला, त्याने चंद्रभागेच्या काठी सूर्याची उपासना केली आणि तो बरा झाला. हे आख्यान जोडलं गेलं मुलतानच्या सूर्यमंदिराशी. सातव्या शतकात ह्युएन त्संग ते मंदिर बघून गेला होता.

आता नकाशावर उलट्या टोकाला या, ओडिशात. कोणार्कला. तेराव्या शतकात नरसिंहदेव राजाने सूर्यमंदिर बांधलं. तिथे सांबाची तीच गोष्ट सांगतात. आणि जवळच्या समुद्रकिनाऱ्याचं नाव? चंद्रभागा. तिथे त्या नावाची नदी समुद्राला मिळायची, आता नदी म्हणावी असं फारसं उरलेलं नाही. माघी सप्तमीला यात्रा मात्र अजूनही भरते. म्हणजे गोष्ट पंजाबातून निघून दोन हजार किलोमीटर गेली, आणि जाताना नदीचं नाव सोबत घेऊन गेली.

माझं मत असं की पंढरपुरातही हेच झालं. चंद्रकोरीसारखं वळण हे निमित्त. त्या वळणावर चिकटवायला नाव आधीपासून तयार होतं, पवित्र होतं, देशभर ऐकलेलं होतं. आपण हे नेहमीच करतो. नाशिकचा माणूस गोदावरीवर जाताना "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो. जनाबाईंचं गाव गोदावरीच्या काठी, आणि त्याचं नाव गंगाखेड. गोदेच्या काठचा मुलूख म्हणजे गंगथडी. कोणाचीही यात फसगत होत नाही. काशीची गंगा वेगळी हे सगळ्यांना माहीत असतं. पण काशीला जाणं जमेलच असं नाही, म्हणून गंगेलाच गावात बोलवायचं.

थडी म्हणजे काठ. त्यावरून आठवलं, भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, कचेरी बारामतीला. आणि तिथली काटक घोडी ती भीमथडीची तट्टं, मराठी घोडदळाचा कणा. २०२३ मध्ये राज्यगीत झालेल्या राजा बढे यांच्या गीतात महाराष्ट्राच्या नद्यांची नावं ओळीने येतात. त्या ओळीत भीमा नाही. पण पुढे ही तट्टं येतात, म्हणजे ती घोड्यावर बसून गीतात शिरलीच. सध्याच्या पुणेकरांना भीमथडी म्हटलं की डिसेंबरातली जत्रा आणि तिथलं जेवण आठवतं, तेही ठीकच.

बरं, पंढरपुरात चंद्रभागा कधीपासून? इथे कागद काय बोलतात आणि लोक काय बोलतात हे वेगळं काढायला पाहिजे. शके ११७१, म्हणजे इसवी सन १२४९ चा एक ताम्रपट आहे, देवगिरीच्या कृष्ण यादवाच्या काळातला. रा. गो. भांडारकरांनी त्याचा उल्लेख केलाय. राजाचा सेनापती मल्लिशेट्टी पौंडरीक क्षेत्रात मुक्कामाला असताना, विष्णूच्या सान्निध्यात, एका गावाचं दान देतो. हे क्षेत्र कुठे आहे? ताम्रपट म्हणतो, भीमरथीच्या काठी. म्हणजे सेनापती प्रत्यक्ष पंढरपुरात आहे आणि तरी लिहिताना नदीचं नाव भीमरथी. साहजिक आहे. ताम्रपट म्हणजे त्या काळचा सातबारा. सातबाऱ्यावर कोणी घरातलं नाव लिहीत नाही.

त्या ताम्रपटानंतर वीस-एकवीस वर्षांनी, १२७० मध्ये, नामदेवांचा जन्म झाला असं मानतात. आणि नामदेव-जनाबाईंच्या गाथेपासून पुढे सगळीकडे चंद्रभागा दिसायला लागते. भीमा आणि भिवराही असतात, पण मायेने हाक मारायची ती चंद्रभागेला. सेनापतीच्या कागदात भीमरथी आणि शिंप्याच्या, दासीच्या अभंगात चंद्रभागा. मला हा फरक साधा वाटत नाही.

कारण चंद्रभागा हे जितकं पाण्याचं नाव आहे तितकंच ते वाळवंटाचं नाव आहे. पंढरपुरात वाळवंट म्हणजे राजस्थान नव्हे, नदीच्या पात्रातली वाळूची मोकळी जागा. पुंडलिकाचं देऊळ तिथेच पात्रात आहे, पूर आला की अर्धं पाण्यात. कीर्तनं तिथे, खेळ तिथे, काला तिथे. देवळाला दरवाजा असतो आणि दरवाजावर कोणीतरी उभं असतं. वाळवंटाला दरवाजा नाही. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीसुद्धा महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीसमोर. दलितांना विठ्ठलाच्या देवळात जायला मिळालं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. म्हणजे चोखोबांपासून मोजलं तर सहाशे वर्षं. या सहाशे वर्षांत ज्यांना गाभाऱ्यातला विठोबा दिसला नाही त्यांच्या वाट्याला चंद्रभागा होती. घरी जाऊन "चंद्रभागेत अंघोळ केली" एवढं सांगता येत होतं. त्या नावात हेही भरलेलं आहे. नकाशात ते येणार नाही, म्हणून आजी म्हणाली ते बरोबरच, मोबाईलला काय कळतंय.

आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला, पुणे-नगर रस्त्यावर, एक दुसरी यात्रा भरते. कोरेगाव भीमा. कोरेगावं महाराष्ट्रात अनेक आहेत, ओळखू यावं म्हणून गावाच्या नावाला नदीचं नाव लागलं. १ जानेवारी १८१८ ला तिथे पेशव्यांचं सैन्य आणि कंपनीची एक तुकडी यांची लढाई झाली, त्या तुकडीत मोठ्या संख्येने महार सैनिक होते. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथल्या जयस्तंभाला आले, आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला लाखो लोक येतात. त्यांच्यासाठी ही नदी चंद्रभागा नाही. भीमाच आहे. आणि त्या दिवशी "भीमा" म्हणताना मनात फक्त नदी असते असं मला वाटत नाही. एकाच पाण्याच्या काठी आषाढीला एक गर्दी आणि जानेवारीत दुसरी, दोन्ही गर्द्यांत अशी माणसं ज्यांच्या पणज्यांना देवळाबाहेर उभं केलं होतं. नावं मात्र वेगळी.

आता जरा अडचणीचं बोलू. वारीत माऊलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून. दोन्ही गावं इंद्रायणीच्या काठची. पालख्या अठरा-वीस दिवस चालून पंढरपूरला पोहोचतात. पण इंद्रायणीचं पाणी कुठे जातं? इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुढे रांजणगाव सांडसला पुण्याची मुळा-मुठा मिळते. मग दौंड, सिद्धटेक, मग भिगवणजवळचे ते फ्लेमिंगो, उजनीचं धरण. धरणाच्या खाली नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते, तीच नीरा जिच्यात वाटेत पादुकांना स्नान घालतात. आणि मग पंढरपूर. म्हणजे आळंदीतून दोन वाऱ्या निघतात. एक रस्त्याने, माणसांची. दुसरी पाण्याची, बारा महिने. माऊलींच्या समाधीजवळून वाहणारं पाणी स्वतःच चालत विठोबाच्या पायाशी जातं. मला हे कळलं तेव्हा मी नकाशा झूम करून दोनदा तपासलं होतं.

हे सुंदर आहे, आणि तेवढंच लाजिरवाणंही. कारण त्या पाण्यात काय असतं? आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतानाचे व्हिडिओ तुम्ही पालखीच्या दिवसांत बघितले असतील. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं सांडपाणी प्रक्रिया होऊन नदीत जातं असं नाही. मी स्वतः पुण्यात राहतो, फ्लॅट आठव्या मजल्यावर, आणि माझ्या बाथरूमचं पाणी शेवटी मुठेत जातं. मुठेचं मुळा-मुठेत, तिचं भीमेत, भीमेचं उजनीत. आषाढीला वारकऱ्यांना स्नान करता यावं म्हणून उजनीतून खाली पाणी सोडतात. तेव्हा माझी मावशी ते चंद्रभागेचं तीर्थ म्हणून तांब्यात भरून घरी आणते आणि मलाच प्रसाद म्हणून देते.

आमच्या धंद्यात एकाच गोष्टीला सिस्टीममध्ये चार ठिकाणी चार नावं दिली की काय होतं ते प्रत्येक इंजिनियरला माहीत आहे. चूक पहिल्या ठिकाणी होते आणि तक्रार चौथ्या ठिकाणी येते. चौथ्या टीमला वाटतं आपल्याकडे गडबड आहे, पहिली टीम म्हणते आमच्याकडे त्या नावाचं काही नाहीच. मुठेत घाण टाकणारा माणूस मुठेत टाकत असतो. त्याला विचारलं, चंद्रभागेत टाकशील का, तर तो कानाला हात लावेल. मुठा हा त्याच्यासाठी नाला आहे, चंद्रभागा ही आई आहे. मधे फक्त नाव बदललंय, आणि दोनशे किलोमीटर.

२०१६ मध्ये राज्य सरकारने "नमामि चंद्रभागा" नावाचं अभियान जाहीर केलं. नाव निवडताना विचार केलेला दिसतो, "नमामि भीमा" असं ठेवलं असतं तर हात जोडले गेले नसते. पण मला त्या नावात एक गंमत दिसते. पंढरपुरात येणारं पाणी स्वच्छ हवं असेल तर काम इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा यांच्या काठी करावं लागतं, म्हणजे जिथे कोणीही नदीला चंद्रभागा म्हणत नाही तिथे. धरणाचं कागदोपत्री नावसुद्धा भीमा (उजनी) प्रकल्प असं आहे. पाणी मोजायचं, वाटायचं, अडवायचं तेव्हा भीमा. नमस्कार करायचा तेव्हा चंद्रभागा. सेनापती मल्लिशेट्टीच्या ताम्रपटापासून यात फार काही बदललेलं नाही.

पंढरपूर मागे पडलं की नाव परत भीमा. मंगळवेढ्याच्या बाजूने पुढे जाते, सोलापूरच्या खालून कर्नाटकात शिरते. गाणगापूरला दत्तभक्तांसाठी ती भीमा-अमरजा संगमातली भीमा. त्याच्याही पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती आहे. तिथल्या चंद्रलांबा देवीच्या आवारातल्या काली मंदिराचं छत १९८६ मध्ये कोसळलं आणि देवीच्या मूर्तीखालच्या शिळेवर सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या सापडल्या. मराठी घरांतही कितीतरी जणांची ही कुलदेवी. म्हणजे चंद्राच्या नावाचं काहीतरी भीमेच्या काठी तिथेही आहे, पण नदीला मात्र तिथे कोणी चंद्रभागा म्हणत नाही. आणि मग रायचूरच्या अलीकडे ती कृष्णेला मिळते. तिथून पुढे समुद्रापर्यंत नाव कृष्णेचं.

तर त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर. भीमेची चंद्रभागा कुठे होते याची पाटी कुठेही लावलेली नाही. आजीने हात जोडले, तिथे झाली.

पुढचा भाग तुळापूरचा. तिथे एका हत्तीची तुला झाली म्हणून गावाला ते नाव पडलं असं सांगतात. हत्ती तोलायचा कसा, यातलं भौतिकशास्त्र मी तुम्हाला होडी आणि दगड घेऊन समजावणार आहे. तोपर्यंत एक काम करा. तुमच्या गावच्या नदीचं किंवा ओढ्याचं नकाशातलं नाव आणि घरातलं नाव वेगळं असेल तर दोन्ही मला व्हॉइस मेसेजने कळवा. घरातल्या मोठ्या माणसाच्या आवाजात पाठवलंत तर आधी ऐकेन. भेटू.